बाबांची फियाट पुन्हा रस्त्यावर आणताना

प्रश्न : माझ्या वडिलांची १९७० ची फियाट ११०० डिलाइट ते गेल्यापासून बंद आहे. आम्ही दोघं मिळून तिची निगा राखायचो. यंदा श्राद्धाला तीच घेऊन गावी जायचंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी स्टार्टरला हात लावू नका. कोरड्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा अडकलेल्या असू शकतात आणि जोर लावला की तुटतात. चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर थांबा. मग टॉप गिअर टाकून गाडी हळूच पुढे-मागे ढकला. इंजिन मोकळं फिरलं की ऑइल बदला.

टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. ते कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) पितळी जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकांमध्ये, राळेसारखं चिकटतं. हे जेट फक्त क्लीनरने आणि हवेच्या झोताने साफ करा. तार घातली की भोक मोठं होतं, गाडी काळा धूर ओकते. आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे जुने रबरी पाइप फुगतात, तेही बदला.

ब्रेकवर कंजूषी नको : व्हील सिलिंडरचे (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या भागाचे) रबर, ब्रेकचे रबरी पाइप, ब्रेक ऑइल, सगळं नवं. टायर जुने असतील तर नक्षी चांगली दिसली तरी बदला.

कागदपत्रं : वारस म्हणून आरटीओत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करा. मुदत निधनापासून तीन महिन्यांची असते, उशिराचा दंड पडेल. पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. गावी न्यायची तर साधी नोंदणीच नूतनीकरण करून ठेवा.

रंग मात्र घाईने काढू नका. वडिलांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग तर तसंच राहू द्या.