मिरजेच्या सिस्टरला उत्तर: आजार सांग, युनियन आधी गाठ, नात्याचे कागद आत्ताच कर

तुझा प्रश्न थोडक्यात असा. मिरजेत स्टाफ नर्स आहेस, इंग्लंडमधल्या सरकारी हॉस्पिटलची ऑफर आली आहे, पाच वर्षांपासून रुमॅटॉइड संधिवात आहे आणि तेवढीच वर्षं एका मैत्रिणीसोबत संसार आहे. या दोन्ही गोष्टी तिकडं लपवाव्या लागतील का? आणि घरचे म्हणतात तसं युनियनच्या भानगडीत पडू नये का?

परीक्षा, व्हिसा, टीबीचा दाखला हे सरकारी संकेतस्थळावर सापडेल, ते इथं उगाळत नाही. "लपवावं का" हे वाचून मात्र दोन दिवस अस्वस्थ होते. आजाराबद्दलचं उत्तर माझ्याकडं पक्कं आहे. दुसऱ्या गोष्टीबद्दल इतक्या वर्षांनीही नाही.

आजार लपवू नकोस. आपल्याकडं अपंगत्व म्हटलं की सिव्हिलमधला टक्केवारीचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत रुमॅटॉइडचं नाव नाही, त्यामुळं तू स्वतःला त्यात धरतही नसशील. तिकडच्या 2010 च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये टक्के नाहीत, कार्डही नाही. रोजच्या कामांवर किरकोळ म्हणता येणार नाही असा परिणाम होतो का आणि तो 12 महिने किंवा त्याहून जास्त टिकणारा आहे का, एवढंच बघतात. शिवाय औषध घेतल्यावर कशी आहेस हे न बघता औषध नसतं तर काय झालं असतं ते बघतात. इथंच आपल्याकडची पत्रं फसतात. डॉक्टर एक ओळ लिहून देतात, "मेथोट्रेक्झेटवर आहे, प्रकृती स्थिर." ही ओळ तुझ्याच विरुद्ध वापरली जाईल. पत्रात निदानाची तारीख हवी, औषध आणि डोस हवा, औषध थांबलं तर काय होईल ते हवं. सकाळी सांधे किती मिनिटं आखडलेले असतात, मुठीत जोर किती, वर्षाला किती वेळा दुखणं उसळतं, दर वेळी किती दिवस टिकतं, रक्ततपासणी किती आठवड्यांनी, हे सगळं आकड्यांत. मिरजेत संधिवाताचे डॉक्टर हाताशी आहेत तोवर हे करून घे. तिकडं तज्ज्ञाची वेळ मिळेपर्यंत महिने जातात.

सांगायचं कधी? ऑफरच्या आधी मालकाला सहसा आजारपणाबद्दल विचारता येत नाही. ऑफरनंतर ऑक्युपेशनल हेल्थचा, म्हणजे कर्मचाऱ्यांची प्रकृती कामाच्या दृष्टीनं बघणाऱ्या विभागाचा, फॉर्म येतो, तिथं लिही. मग रुजू झाल्यावर वॉर्ड मॅनेजरला ईमेल, एचआरला प्रत. तोंडी काही नको. आणि "मला त्रास होतो" असं मोघम न लिहिता नेमकं माग: लागोपाठ दोनपेक्षा जास्त लाँग डे (दिवसभराच्या लांब शिफ्ट) नकोत, नाइटनंतर लगेच सकाळची शिफ्ट नको, रक्ततपासणीला सुट्टी, पेशंट उचलायला यंत्र. याला तिकडं रीझनेबल ॲडजस्टमेंट म्हणतात. वाजवी असेल तर ती करणं मालकाचं कर्तव्य आहे आणि खर्चही त्याचाच. ऑक्युपेशनल हेल्थचा अहवाल हा फक्त सल्ला असतो, मालक तो बाजूला ठेवू शकतो. म्हणून तुझ्या मागणीचा स्वतंत्र कागद लागतो.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती रजेच्या हिशेबात. बऱ्याच ठिकाणी ब्रॅडफर्ड फॅक्टर वापरतात: वर्षात किती वेळा रजा घेतली त्याचा वर्ग, गुणिले एकूण दिवस. सलग 10 दिवस आजारी पडलीस तर 1 गुणिले 1 गुणिले 10, म्हणजे 10. दुखणं उसळून दहा वेळा एकेक दिवस घरी राहिलीस तर 10 गुणिले 10 गुणिले 10, म्हणजे 1000. दिवस तेवढेच, पण दुसऱ्या हिशेबात कारवाईच्या बैठकीचं पत्र येतं. सूत्रच असं आहे की येऊनजाऊन असणाऱ्या आजाराची माणसं त्यात आधी सापडतात. म्हणून युनियनवाले दोन गोष्टींसाठी भांडतात: अपंगत्वामुळं घेतलेली रजा वेगळी नोंदवा आणि कारवाईची मर्यादा त्या माणसापुरती वाढवा. यातलं काहीच आपोआप होत नाही, मागावं लागतं. तिसरी मागणी ॲडजस्टमेंट पासपोर्टची. ब्रिटनचा कामगार महासंघ टीयूसी आणि जीएमबी युनियन यांनी त्याचा नमुना तयार केलेला आहे. ठरलेल्या सवलती एका कागदावर, दोघांच्या सह्या. मॅनेजर बदलला की सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगायची वेळ येत नाही. नाहीतर येतेच, आणि प्रत्येक नवा मॅनेजर "तुम्ही तर ठणठणीत दिसता" असंच म्हणतो. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, जाऊ दे.

पैशाचं एक. पीआयपी नावाचा अपंगांसाठीचा सरकारी भत्ता तुला मागता येणार नाही, तुझ्या व्हिसावर सार्वजनिक निधी वर्ज्य असतो. ॲक्सेस टू वर्क ही अपंगांना नोकरीत लागणाऱ्या मदतीचा खर्च देणारी सरकारी योजना मात्र त्या यादीत नाही. तिचा अर्ज मालकानं नाही, तू करायचा. उत्तराला खूप वेळ लागतो.

आता युनियन. घरच्यांच्या डोळ्यांसमोर मार्केट यार्डातला हमालांचा संप किंवा कारखान्याच्या गेटवरच्या घोषणा असतील. तिकडं नर्सनं युनियनमध्ये असणं ही रोजची गोष्ट आहे. पहिल्या आठवड्यातच सदस्य हो, कारण सदस्य होण्याआधी सुरू झालेल्या भांडणात युनियन सहसा हात घालत नाही. शिस्तभंगाच्या किंवा तक्रारीच्या सुनावणीला युनियनचा माणूस सोबत नेण्याचा हक्क 1999 च्या कायद्यानं आहे. ट्रायब्युनलला, म्हणजे नोकरीचे तंटे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाला, जायची मुदत 3 महिने उणे 1 दिवस, आणि त्याआधी 'एकास' (ACAS) या समेट घडवणाऱ्या सरकारी संस्थेमार्फत प्रयत्न करावाच लागतो. ही मुदत वाढवायचं ठरलं आहे, पण तू 3 महिनेच धरून चाल. मॅनेजर गोड बोलून "बघू या" म्हणत राहतो आणि त्यातच मुदत निघून जाते.

व्हिसा मालकाच्या हातात असल्याची भीती खोटी नाही. नोकरी गेली तर साधारण 60 दिवसांत दुसरा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसाची जबाबदारी घेणारा मालक, शोधावा लागतो. पण युनियनची सदस्य म्हणून काढणं बेकायदा आहे. बिनपगारी 4 आठवड्यांच्या वर गैरहजेरी झाली तर स्पॉन्सरशिप जाते, त्या नियमातून आजारपणाची रजा आणि कायदेशीर संप दोन्ही वगळलेले आहेत. तरी मालकाला कळायला नको असेल तर वर्गणी पगारातून कापू देऊ नकोस, बँकेतून परस्पर जाऊ दे.

युनिसनसारख्या सार्वजनिक सेवांतल्या कामगारांच्या युनियनमध्ये अपंग सदस्यांचा आणि एलजीबीटी+ सदस्यांचा स्वतःचा गट असतो. टीयूसी दोघांच्या वेगळ्या परिषदाही दर वर्षी भरवते. हे कुणी दयेनं दिलेलं नाही. 1984-85 च्या खाणकामगारांच्या संपात समलिंगी स्त्री-पुरुषांनी लंडनमध्ये डबे फिरवून वेल्समधल्या खाणवस्त्यांसाठी पैसे जमवले. 1985 च्या लंडनच्या प्राइड मोर्चात खाणकामगार आपला बॅनर घेऊन चालले आणि त्याच वर्षी लेबर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगींच्या हक्कांचा ठराव खाणकामगार युनियनच्या मतांच्या जोरावर पास झाला. सांगलीत संग्राम ही संस्था आणि वॅम्प ही वेश्याव्यवसायातल्या बायकांची संघटना यांचं काम पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्या बायकांनीच तिथं संघटना बांधली.

युनियनच्या शाखेत बदल घडवायचा तर ठराव लागतो. सूचक, अनुमोदक, सगळं आपल्यासारखंच. फरक एवढाच की साखर कारखान्याच्या सभेसारखं विषय वाचायच्या आत "मंजूर, मंजूर" होत नाही. बहुतेक ठराव विरोधानं पडत नाहीत, कोरम भरला नाही म्हणून पडतात. रजेची वेगळी नोंद हवी असेल तर आधी वॉर्डातल्या दहा जणींना सभेला आण.

आता मैत्रीण. जोडीदार म्हणून तिला नेता येतं, पण नातं किमान 2 वर्षांचं आहे हे कागदावर दाखवावं लागतं. आपल्याकडं लग्न नोंदवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालानं ते दार बंदच ठेवलं. म्हणून दोघींच्या नावानं नोंदणीकृत भाडेकरार कर. सांगली-मिरजेत घरमालक एकीच्या नावानं 11 महिन्यांचा करार करतो आणि दुसरी "रूममेट" राहते, तो कागद कामाचा नाही. संयुक्त बँक खातं काढ. समलिंगी जोडप्यांना त्याला कुठलीही आडकाठी नाही असा केंद्रीय अर्थ मंत्रालयाचा ऑगस्ट 2024 चा खुलासा आहे, त्याची प्रत घेऊनच बँकेत जा. एकमेकींचं नॉमिनेशन कर. फोटोंपेक्षा एकाच पत्त्यावर दोघींच्या नावानं आलेली पत्रं जास्त वजनदार. फक्त ती माहेरच्या पत्त्यावर जाणार नाहीत एवढं बघ.

कामावर नातं सांगायचं की नाही हे तुझ्यावर. युनियनच्या गटातलं तुझं नाव आणि तुझा लैंगिक कल ही तिथल्या कायद्यानं विशेष संरक्षित माहिती आहे, मालकापर्यंत जात नाही. धोका आपल्याच माणसांचा. तिकडच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संध्याकाळी पडलेली गोष्ट सकाळी सांगलीच्या विश्रामबागेत पोचते. ऑफिसात मोकळं आणि गणपतीच्या आरतीला "मैत्रीण आहे" असं दुहेरी जगणं जमतं, पण दमवतं. ते दमणं कुठल्याही ॲडजस्टमेंटमध्ये बसत नाही आणि त्यावर माझ्याकडं उपाय नाही.

एकटेपणाचं विचारलं होतंस. असतो. पहिला हिवाळा वाईट जातो.

ऑफर लेटरमधलं लवकर सोडल्यास परतफेडीचं कलम सही करण्याआधी वाच. रक्कम महिन्यागणिक कमी होते की पूर्ण द्यावी लागते, ते ईमेलवर विचारून ठेव.