ठेव मोडून सॉफ्टनर घ्यावा का?

प्रश्न: घरात चार माणसं, पाणी जड. तीन वर्षांत गीझरच्या दोन कॉइल जळल्या, नळांच्या जाळ्या चोंदतात. विक्रेत्याने टीडीएस ९०० दाखवून संपूर्ण घराचा सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा घालवणारं यंत्र) सुचवलाय. वीजबिलात पैसे फिटतील म्हणतो. अडीअडचणीसाठीची मुदत ठेव मोडू का?

उत्तर: मोडू नका. कॉइल जळणं हा त्रास आहे, पण आणीबाणी नाही.

आधी मोजमाप. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच, त्यावरून जडपणा कळत नाही. शिवाय सॉफ्टनर टीडीएस कमी करतच नाही, तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून सोडियम सोडतो. प्रयोगशाळेतून किंवा किटने हार्डनेस, म्हणजे जडपणा, तपासा. लिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर गेला तर पाणी फारच जड.

वीजबचतीचा दावा तुमच्या विजेच्या गीझरला फारसा लागू नाही. कॉइल पाण्यातच बुडालेली असते, त्यामुळे थर बसला तरी उष्णता शेवटी पाण्यातच जाते. मात्र थराखाली कॉइल जास्त तापते आणि जळते. म्हणजे तुमचं खरं नुकसान कॉइल, प्लंबर आणि साबण एवढंच. (गॅस गीझरचं वेगळं: तिथे उष्णता धुराबरोबर निघून जाते, इंधन खरोखर वाया जातं.)

आता मीठ. सॉफ्टनरमधलं रेझिन (क्षार धरून ठेवणारे बारीक मणी) भरलं की मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं, यालाच रिजनरेशन म्हणतात. हार्डनेस लिटरला ४०० मिलिग्रॅम आणि वापर रोज ५०० लिटर धरला, तर दिवसाला २०० ग्रॅम, महिन्याला ६ किलो क्षार काढायचे. किलोमागे साधारण दोन किलो मीठ, म्हणजे महिन्याला १२ किलो, कायमचं. तेच सॉफ्टनर फक्त गीझरच्या लाइनवर बसवला, तर रोजच्या १५० लिटरसाठी ४ किलोच्या आत भागतं. थर मुख्यतः पाणी तापल्यावरच धरतो, म्हणून मला हाच मार्ग पटतो. स्वयंपाकाची लाइनही आपोआप वेगळी राहते. घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल तर वाढलेल्या सोडियमचा विचार करावाच लागतो.

तोवर गीझर ६० अंशांच्या वर नेऊ नका, त्यापुढे थर झपाट्याने वाढतो. वर्षातून एकदा प्लंबरकडून टाकी रिकामी करून गाळ काढा, त्याच वेळी अ‍ॅनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली धातूची कांडी) पाहून घ्या. नळाच्या जाळ्या लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून अर्धा तास बुडवा. हे पाणी संगमरवरावर सांडू देऊ नका आणि ब्लीचमध्ये कधीच मिसळू नका. पाइपवर बसवायच्या चुंबकी पट्ट्यांवर मात्र पैसे घालू नका, त्यांचा भरवसा नाही.

एवढं करून वर्षभर खर्च लिहून ठेवा. मग यंत्राच्या किमतीचा दहावा भाग (रेझिन नीट ठेवलं तर साधारण दहा वर्षं टिकतं), त्या रकमेवर बुडणारं व्याज, मीठ आणि देखभाल यांची वर्षाची बेरीज त्या खर्चाशी ताडून पाहा. बेरीज कमी आली तर वेगळं आवर्ती खातं उघडून पैसे साठवा आणि रोखीने घ्या. कोटेशनमध्ये रेझिन किती लिटर, एका रिजनरेशनला मीठ किती आणि बायपास व्हॉल्व्ह (गरज पडल्यास यंत्र वगळून पाणी थेट सोडणारा) आहे का, हे लेखी मागा.