रस्त्याकडेच्या जागेत शेजाऱ्यांनी मिळून भाजी लावली तर भांडणं होत नाहीत का?

होतात. पण ज्यांची भीती वाटते ती होत नाहीत, भलतीच होतात.

तुमच्या घरासमोर रस्ता आणि गडगा (दगडी कुंपण) यांच्यामध्ये पट्टी रिकामी आहे, चार घरांनी मिळून ती लावायची आहे, पण जागा कुणाची आणि भाजी कुणाची यावरून बिनसेल असं वाटतंय. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आमच्या वाड्यावर आम्ही सहा घरं हे गेली पाच वर्षं करतोय, म्हणून लिहिते.

आधी जागा. आमची अर्धी पट्टी रस्त्याची निघाली, अर्धी एका भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची. त्यांनी पहिल्यांदा साफ नाही म्हटलं, आणि मला त्यांचा राग आला नाही. कसणाऱ्याला संरक्षण देणारा १९६४चा कूळ कायदा आणि भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला संरक्षण देणारा १९७५चा मुंडकार कायदा यांच्यानंतर गोव्यात 'नुसती भाजी लावू दे' हे वाक्य ऐकलं की जमीनवाल्याच्या पोटात गोळा येतो. मग आम्ही कागद केला: खंड नाही, भाडं नाही, खोप नाही, पक्कं कुंपण नाही, फक्त हंगामी पीक, आणि मागाल तेव्हा जागा मोकळी. तुम्ही असा कागद केलात तर तो वकिलाच्या नजरेखालून घालाच. रस्त्याच्या भागासाठी पंचायतीत अर्ज दिला. तुमचा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असेल तर त्यांनाही विचारा. आणि नारळ-फणसाचा मोह टाळा. झाड लावलं की हक्क आला, असं आपल्या सगळ्यांच्याच मनात असतं.

तसं पाहिलं तर मिळून जमीन राखणं गोव्याला नवीन नाही. गांवकारीचे, म्हणजे गावाने मिळून जमीन सांभाळण्याच्या जुन्या पद्धतीचे, रिवाज पोर्तुगिजांनी १५२६ साली लिहून काढले तेव्हाही ते जुनेच होते. पण गांवकारी आमच्या रक्तात आहे वगैरे समजून आम्ही सुरुवात केली आणि पहिल्याच वर्षी तोंडावर पडलो.

चूक ही की पट्टीचे सहा तुकडे केले, घराला एक. एकाचा तुकडा आरशासारखा, शेजारच्यात कंबरभर गवत. एका घरची दोडकी दुसऱ्याच्या मांडवावर चढली आणि तिथेच धरली. आता दोडकं कुणाचं? शिवाय मातीचा ढीग गटाराच्या तोंडावर टाकलेला. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ते सगळं पाणी कोपऱ्यावरच्या काकींच्या अंगणात. पंधरा दिवस त्या कुणाशी बोलत नव्हत्या.

दुसऱ्या वर्षापासून जमीन वाटली नाही, कामं वाटली. कुणी बी-रोपं बघायची, कुणी मांडव, कुणी शेणखत. थंडीत संध्याकाळचं पाणी पाळीपाळीने, आमच्याच विहिरीचं. गटाराचं पाणी कितीही सोयीचं दिसलं तरी भाजीला घालू नका. तोडणी रविवारी सकाळी, सगळ्यांच्या देखत. वाटे घरातल्या माणसांवर नाही, घरावर. सात माणसांच्या घराने थोडी कुरकुर केली, पण मोजमाप सुरू झालं असतं तर संपलंच असतं.

पावसाळ्यात मिरगाला भेंडी, काकडी, दोडकी, पडवळ, चिबूड. इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तेव्हा वाफे उंच हवेत, नाहीतर मुळं कुजतात. दिवाळीनंतर तांबडी भाजी (लाल माठ), मुळा, वांगी, मिरची, अळसांदे (चवळी). वेलभाज्या रस्त्याकडेला, पालेभाजी आत गडग्यालगत, कारण धूळ पानांवर बसते आणि सगळीच धुऊन जात नाही.

खरा शत्रू म्हणजे मोकाट गुरं. तिसऱ्या वर्षी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दोन दिवस आधी रात्रीत भेंडीचा पूर्ण वाफा साफ. तेव्हापासून बांबू आणि काट्यांचं कुंपण, जे एका सकाळीत काढता येतं.

इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावात २००८पासून लोक असंच रस्त्याकडेला पिकवतात, आणि येणारा-जाणारा हवं ते तोडून नेतो म्हणे. इतर दिवशी आमचीही हरकत नसते. चवथीच्या आधी मात्र कुणी हात लावून बघावा! गणपतीच्या वर फळा-भाज्यांची माटोळी टांगतात; सहा घरं, सहा माटोळ्या आणि त्या वर्षी पिकलेलं चिबूड एकच. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. चिबूड गेलं काकींकडे, त्याच गटारवाल्या. त्यांचा गणपती दीड दिवसाचा. विसर्जनानंतर माटोळी उतरवली आणि त्याच संध्याकाळी गूळ-नारळाच्या रसातलं चिबूड वाटीवाटीने सहाही घरांत आलं.

तुम्ही सुरुवात पावसाळ्यात करू नका, नोव्हेंबरात करा. तांबडी भाजी महिन्याभरात हाताला येते, लोकांचा उत्साह टिकतो. सात शिरांच्या भेंडीचं बी आमच्याकडे जास्तीचं आहे. फोंड्याच्या बाजूला असाल तर कळवा, मिरगाच्या आधी देते.