बेसबॉलमध्ये जेमतेम सरासरीचा आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागातला क्षेत्ररक्षक) पुढे चांगला कोच कसा होऊ शकतो, आणि कोच व्हायची वाट कोणती?

‘ज्याला स्वतःला बॅट चालवता आली नाही तो काय शिकवणार’ हे तुमच्या प्रश्नातलं गृहीतकच मला मान्य नाही. क्रिकेटवाल्यांशी यावरून कैकदा वाजलंय.

पुढे कॅन्सस सिटी रॉयल्सचा आउटफिल्ड आणि फर्स्ट बेस कोच झालेला रस्टी कून्ट्झ घ्या. मेजर लीगमधली (अमेरिकेतली सर्वोच्च लीग) सरासरी .२३६ (म्हणजे हजार संधींत २३६ हिट), होमरन सगळे मिळून ५. १९८४ च्या वर्ल्ड सिरीजच्या (मोसमाच्या अंतिम मालिकेच्या) पाचव्या सामन्यात ३-३ अशी बरोबरी असताना डेट्रॉइटसाठी त्याने मारला तोही एक उंच, आखूड झेलच. सॅन डिएगोचा सेकंड बेसमन अ‍ॅलन विगिन्सने उजव्या आउटफिल्डकडे मागे पळत तो पकडला खरा, पण अंगाचा झोक होम प्लेटच्या उलट. फेकीत जोर येणार कुठून? बेसबॉलमध्ये झेल पकडल्यावरही बेसवरचा रनर पळू शकतो. तिसऱ्या बेसवरून कर्क गिब्सन सुटला आणि आघाडीची धाव झाली.

आउटफिल्ड कोच रोज घोटून घेतो ते हेच. झेलाखाली जाऊन उभं राहायचं नाही. दोन-तीन पावलं मागे थांबायचं, पुढे येत चेंडू फेकीच्या खांद्याशी घ्यायचा, एक छोटी उडी, आणि फेक कट-ऑफ मॅनच्या (मध्ये उभा राहून फेक पुढे देणाऱ्याच्या) छातीवर. डाव्या आउटफिल्डला आणखी एक गोम: फलंदाज उजवा असो की डावरा, कोपऱ्याकडे गेलेला चेंडू फाउल लाइनकडेच वळतो. अ‍ॅलेक्स गॉर्डन मुळात थर्ड बेसमन. २०१० मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सने त्याला तिकडे हलवलं, कून्ट्झने तयार केलं, आणि पुढे ८ गोल्ड ग्लव्ह (सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाचा पुरस्कार)!

दुसरं काम फर्स्ट बेसपाशी, हातात स्टॉपवॉच: रनरने बेस कधी चोरायचा, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसकडे कधी पळायचं, ते ठरवायला. पिचरचा पुढचा पाय हलला की चालू, चेंडू कॅचरच्या (फलंदाजामागे बसणाऱ्याच्या) ग्लव्हमध्ये शिरला की बंद. पिचरचे १.३ सेकंद, कॅचरच्या सेकंड बेसवरच्या फेकीचे २, एकूण ३.३. रनरला याहून जास्त लागत असेल तर गप उभं राहायचं, पिचर १.५ घेत असेल तर पळायचं. नुसती चपळाई बघून पळवणारे कोच रनर फुकट घालवतात. ३० सप्टेंबर २०१४ ला ओकलंडविरुद्ध रॉयल्सने ७ बेस चोरले. नवव्या इनिंगमध्ये एका धावेने मागे असताना जॅरड डायसनने तिसरा बेस चोरला, आउटफिल्डमधल्या झेलावर घरी आला, आणि बाराव्या इनिंगला रॉयल्सने सामना ९-८ ने काढला.

बॅटिंग कोचचं वेगळं म्हणाल, तर रॉयल्सचा नामांकित फलंदाज जॉर्ज ब्रेटला घडवणारा चार्ली लाउ स्वतः .२५५ चा होता.

अर्थात घड्याळानेच सगळं होत नाही. डावरा पिचर फर्स्ट बेसकडे तोंड करूनच उभा असतो, तिथे त्याची पिकऑफची (बेसपासून पुढे सरकलेल्या रनरला फेकीने टिपायची) लकब ओळखावी लागते. तुम्ही वाट विचारली होती: सुरुवात मायनर लीगमधून (मेजर लीगच्या खालच्या लीग), पगार बेताचा. आणि आधी फंगो बॅट (सरावात झेल उडवायची हलकी बॅट) हातात बसवा. एकाच जागी पन्नास झेल उडवता येत नसतील, तर सराव कसा घेणार?