नागपूरच्या उन्हाळ्यात ४×५ इंची शीट फिल्म (रोलऐवजी सुट्या तुकड्यांत येणारी कॅमेऱ्याची फिल्म) डेलाइट टँकमध्ये घरी डेव्हलप करता येईल का?

होय, येईल, मात्र टँकच्या ‘डेलाइट’ म्हणजे उजेडातला या नावावर जाऊ नये, कारण फिल्म भरताना पूर्ण अंधार किंवा चेंजिंग बॅग (हात आत घालून काम करायची प्रकाशरोधक पिशवी) लागतेच आणि झाकण बसल्यानंतरचीच कामे उजेडात होतात. शीट उभी धरल्यावर तिच्या काठावरच्या खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात बोटाला लागल्या, की इमल्शनची (प्रकाशसंवेदी लेपाची) बाजू आपल्याकडे असते. बॅगेत हात घामेजतात, म्हणून फिल्म पहाटेच भरावी.

खरी अडचण पाण्याची आहे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी कढतच येते. तेव्हा २० अंश सेल्सियस या नेहमीच्या तापमानाचा हट्ट सोडून, बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात बाटल्या ठेवून सर्व द्रावणे २४ अंशांवर आणावीत आणि डेव्हलपिंगची वेळ उत्पादकाच्या तक्त्यानुसार कमी करावी. ती ५ मिनिटांखाली जात असल्यास डी-७६ हा डेव्हलपर पाणी घालून एकास एक पातळ करावा, नाहीतर छायाचित्रातल्या मोकळ्या आकाशात असमान डाग दिसण्याची भीती असते. शेवटचे धुण्याचे पाणीही त्याच तापमानाचे हवे.