कंपनीची गाडी आणि चार महिन्यांनी कळलेले अतिवेगाचे चलन: दंड कोणी भरायचा?

आपण विचारले आहे की, कंपनीची मोटार चालवताना झालेल्या अतिवेगाचे ई-चलन आपल्याला चार महिन्यांनी कळले, तर इतक्या उशिरामुळे ते रद्द होते का, आणि दंड आपण भरायचा की कंपनीने. चलन रद्द होणार नाही असे धरून चाला, आणि त्या दिवशी गाडी खरोखर आपणच चालवत असाल तर दंड आपणच भरा. उत्तर एवढ्यावर थांबवता आले असते, परंतु ‘उशिरा आले’ हे आपले शब्द वाचून मला राहवले नाही. माझ्या अनुभवाने सांगतो, ते चलन वेळेवर आलेले असते आणि कोणाच्या तरी टेबलावर पडून राहिलेले असते.

मी पुण्यात, रुग्णालयांतील उपकरणांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. पनवेल आणि नवी मुंबईतील रुग्णालये माझ्याकडे असल्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने जाणे-येणे होते. गाडीला आम्ही कंपनीची गाडी म्हणतो, पण आरसीवर मालक म्हणून भाडेपट्ट्याने गाड्या देणाऱ्या दुसऱ्याच एका कंपनीचे नाव आहे, आणि नोंदवलेला मोबाईल क्रमांकही तिचाच आहे. त्यामुळे चलनाचा संदेश प्रथम तिच्याकडे जातो, ती त्याची यादी तीन महिन्यांनी आमच्या हिशेब विभागाला पाठवते, तेथून ती प्रशासन विभागाकडे येते, आणि सगळ्यात शेवटी, कोणाला आठवण झालीच तर, गाडी चालवणाऱ्याला कळते.

जुलै २०२४ पासून द्रुतगती मार्गावर स्वयंचलित कॅमेऱ्यांची नवी वाहतूक व्यवस्था सुरू झाली. सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि घाटात ६० ची. खंडाळ्याचा घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवर नसला तरी गाडी सहज ७५-८० वर जाते, आणि आजूबाजूच्या सगळ्या गाड्या त्याच वेगाने उतरत असल्यामुळे आपले काही चुकते आहे असे वाटतही नाही. मलाही वाटले नाही. मार्च २०२५ च्या पगारपत्रकात ‘इतर कपात ६,०००’ अशी ओळ दिसली, तेव्हा मी प्रशासन विभागात जाऊन विचारले. तेथील अधिकाऱ्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि प्रत्येकी दोन हजारांची तीन चलने दाखवली. पहिले नोव्हेंबरमधले होते, दुसरे त्यानंतर तीन आठवड्यांनी जवळजवळ त्याच ठिकाणचे, आणि तिसरे जानेवारीतले.

पहिले चलन माझे होते, आणि ते मी तेथेच मान्य केले. दुसरेही माझेच होते, परंतु पहिल्याचा संदेश मला आठवडाभरात मिळाला असता तर दुसरे झालेच नसते, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो, कारण ती तीन चलने पाहिल्यापासून मी लोणावळा सोडले की गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घालतो आणि घाट संपेपर्यंत काटा साठच्या वर जाऊ देत नाही. चालकाला चूक कळावी आणि त्याने ती सुधारावी यासाठीच तर चलन असते. ते चार महिने दाबून ठेवायचे आणि मग तिन्ही एकदम पगारातून वसूल करायची, यात कोणाची सुरक्षितता साधते? शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये हलक्या वाहनाला एक ते दोन हजारांचा दंड आहे, आणि दुसऱ्यांदा तोच गुन्हा झाल्यास चालकाचा परवाना अडकवून ठेवण्याचीही तरतूद आहे. ज्याची रोजीरोटी गाडी चालवण्यावर अवलंबून आहे, त्याला पहिला गुन्हा कळू न देता दुसऱ्यापर्यंत नेणे ही साधी दिरंगाई नव्हे, आणि मी ती साधी दिरंगाई मानणारही नाही.

तिसरे चलन मात्र माझे नव्हते. त्या दिवशी मी मामांच्या दिवसकार्यासाठी सांगलीला होतो आणि गाडी माझ्या एका सहकाऱ्याने नेली होती. हे सांगितल्यावर अधिकारी म्हणाले, “गाडी तुमच्या नावावर लागलेली आहे, तेव्हा चलनही तुमचेच.” माझा मंजूर झालेला रजेचा अर्ज त्यांच्याच कपाटात होता. तो सहकारी शेजारच्या खोलीत बसला होता, तरीही त्याला बोलावून एक शब्द विचारावा असे त्यांना वाटले नाही. फास्टॅगचा हिशेब मी काढून आणला, पण त्याचा उपयोग झाला नाही, कारण फास्टॅग गाडी कोठे होती ते सांगतो, चालक कोण होता ते सांगत नाही. शेवटी पनवेलच्या रुग्णालयातील त्या दिवसाचा सर्व्हिस रिपोर्ट कामी आला. त्यावर सहकाऱ्याची सही होती आणि रुग्णालयाचा शिक्का होता. तो पुढे केल्यावर सहकारी म्हणाला, “अरे, तू पैसे मागितले असतेस तर मी दिलेच असते.” मे महिन्याच्या पगारात दोन हजार परत आले.

कार्यालयातल्या अनेकांनी तेव्हा मला ऐकवले की दोन हजारांसाठी एवढा वाद घालणे शोभत नाही. माझे मत तेव्हाही हेच होते की न केलेल्या गुन्ह्याचा दंड मुकाट्याने भरणारा माणूस आपल्या नावावर एक खोटी नोंद स्वतःच्या हाताने करून घेतो.

आता आपल्या उशिराच्या मुद्द्याकडे येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली नियम १६७अ आला, आणि त्यात तेव्हा कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी असे म्हटले होते. परंतु ती नोंदणीकृत मालकाला पाठवली की पोलिसांचे काम झाले. कंपनीने ती पुढे चार महिने दडपली तर तो विलंब पोलिसांच्या खात्यावर पडत नाही. म्हणून चलन केव्हा तयार झाले आणि मालकाला केव्हा गेले, या तारखा आधी पाहा. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यावी, अशी मुदत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे हे खरे. पण तिच्या भरवशावर दंड थकवून बसू नका, कारण न भरलेले चलन गाडीच्या नावापुढे दिसत राहते आणि त्याचा राग कंपनी आपल्यावरच काढते.

राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चॅसी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकले की सर्व चलने छायाचित्रांसह दिसतात. ते चार अंक आजच आरसीवरून टिपून घ्या आणि दर पंधरवड्याला स्वतः पाहत जा. व्हॉट्सॲपवर चलन म्हणून आलेली कोणतीही फाइल उघडू नका. त्या मार्गाने बँकेतील पैसे चोरले जातात.

कंपनीच्या जबाबदारीबद्दलही स्पष्टच लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारल्यास चालक कोण होता ही माहिती देणे मालकाचे कर्तव्य आहे, त्यामुळे किल्ली कोणी केव्हा नेली याची वही न ठेवणाऱ्या कंपनीने पगार कापण्याची भाषा करू नये. आणि कलम १८३ मध्ये गाडी चालवणाऱ्याबरोबरच आपल्या नोकराला मर्यादेबाहेर चालवायला लावणाराही गुन्हेगार ठरतो. सकाळी साडेसहाला पुण्यातील माणसाला फोन करून “नऊच्या आत नेरूळला पोहोचा, मशीन बंद आहे” असे सांगणाऱ्या आमच्या वरिष्ठांना मी हे कलम लेखी कळवले होते. “वेगाने जा असे आम्ही कोठे म्हटले?” असे त्यांचे उत्तर आले. तसे शब्द त्यांनी वापरले नव्हते, हे मान्य आहे. परंतु शहरातील गर्दी आणि घाटाची मर्यादा धरून नऊच्या आत कसे पोहोचायचे, हेही त्यांनी कधी सांगितले नाही.

मी वकील नाही, आणि आपल्या नेमणूकपत्रात दंडाबाबत एखादे कलम असेल तर ते आधी वाचा. गाडी भाडेपट्ट्याची नसून थेट कंपनीच्या नावावर असेल तर वरची साखळी एका कडीने लहान होईल, इतकेच.

जूनमध्ये मी कंपनीला दिलेल्या अर्जात एवढीच मागणी केली होती की चलनाचा संदेश येताच तीन दिवसांत चालकाला कळवावा. त्यावर अद्याप कोणाची सही झालेली नाही. आपणही तसा अर्ज द्यावा, त्यात चलनाची तारीख आणि ते आपल्याला कळल्याची तारीख शेजारीशेजारी लिहावी, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.