गावातले वीरगळ रंगवायला निघालेल्या मुलांना अडवावं का?

प्रश्न असा आहे: गावच्या देवळामागे सात-आठ वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, वर्षानुवर्षं उकिरड्यात पडून होते. आता तरुण मंडळाने ठरवलंय की एका रविवारी ते घासायचे, ऑइलपेंट मारायचा आणि सिमेंटच्या ओट्यात उभे करायचे. या मुलांना पाठिंबा द्यावा की विरोध करावा?

मुलांना अजिबात अडवू नका. रंगाचा डबा, सिमेंटचं पोतं आणि तारेचा ब्रश मात्र अडवा. मातीत पालथा पडलेला वीरगळ शेकडो वर्षं तग धरतो, पण ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला की त्याच्यावरची अक्षरं दहा मिनिटांत जातात. दगड आपल्या गावचा आहे याचा अभिमान मुलांना आहे, हे मोठं भांडवल आहे. फक्त दगडावर काय कोरलंय हे त्यांना अजून कुणी वाचून दाखवलेलं नाही. सुरुवात तिथून करा.

वीरगळ खालून वर वाचतात. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर पडलेला किंवा लढताना दिसतो. तिथे गायी कोरलेल्या असतील तर तो गावची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना गेला. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई आहे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात आणि वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर कलश असतो आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याची कीर्ती राहील. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईच्या स्मरणाचा दगड. गाढव आणि स्त्री यांचा संग कोरलेला दगड लोक लाजेने पालथा घालतात किंवा फोडतात. तो गधेगळ असतो, म्हणजे दानपत्र मोडणाऱ्याला दिलेली शापवाणी. त्यावर बऱ्याचदा लेख असतो, म्हणून तो सगळ्यांत जास्त जपायचा.

आता सिमेंट का नको ते बघा. दगड उभा राहावा म्हणून फूट-दीड फूट काँक्रीटमध्ये गाडतात आणि नेमकी लढाईची चौकट, म्हणजे तो वीर कसा मेला हे सांगणारी जागा, कायमची बुजते. सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर दगडात चढतात, सुकताना पृष्ठभागाखाली त्यांचे स्फटिक होतात आणि पापुद्रे सुटतात. पुढे कुणाला दगड मोकळा करायचा झाला तर सिमेंट फुटण्याआधी दगडच फुटतो. ऑइलपेंटने छिद्रं बंद होतात, आतली ओल बाहेर पडत नाही, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी रंगाचा पोपडा निघतो तो नाकडोळे घेऊनच. शिवाय रंगाच्या थराखाली बारीक कोरीवकाम भरून जातं ते वेगळंच.

सफाई करायची तर साधं पाणी, मऊ केसांचा ब्रश आणि बांबूची टोक बोथट केलेली काडी एवढंच वापरा. ॲसिड, साबण, सोडा, प्रेशरचा पाइप यांतलं काही नको. आधी नखाने हळूच दाबून बघा. पृष्ठभाग पोकळ वाजत असेल किंवा भुगा पडत असेल तर त्या दगडाला पाणीसुद्धा लावू नका. बाकी दगड खालून वर भिजवत जा, म्हणजे घाणीचे ओघळ कोरड्या भागावर उतरून डाग पडत नाहीत. चिकटलेलं शेवाळ खरवडू नका, त्याच्याबरोबर दगडाचा कण निघतो. शेंदूर असेल आणि पूजा चालू असेल तर हात लावू नका.

हलवण्याची घाई तर नकोच. ५ फूट उंच, दीड फूट रुंद, अर्धा फूट जाड काळा दगड ३०० किलोच्या आसपास भरतो. चौघांनी पहार लावून उलथला की कोपरा जातो, नाहीतर कुणाचं बोट. आणि तो वेशीत होता, नदीकाठी होता की शिवमंदिरासमोर, हाही पुरावाच आहे. १०० वर्षांवरचं शिल्प १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं. जागा संरक्षित स्मारकाच्या हद्दीत असेल तर परवानगीशिवाय काहीच करता येत नाही. खणताना नाणी किंवा ताम्रपट सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

मग त्या रविवारी मुलांनी करायचं काय? माझ्या मते, दोघादोघांना एकेक दगड वाटून द्या आणि त्याची पूर्ण नोंद त्यांच्याकडून घ्या. आधी आजूबाजूचा कचरा, गवत काढा, पण दगडाच्या बुडाशी खणू नका. उंची, रुंदी, जाडी टेपने मोजा. फोटो समोरून, सरळ, शेजारी फूटपट्टी ठेवून काढा: एक पूर्ण दगडाचा, मग प्रत्येक चौकटीचा वेगळा, दोन्ही कडा आणि दिसत असेल तर पाठ. दुपारच्या उन्हात कोरीवकाम सपाट दिसतं. सकाळी लवकर काढा किंवा अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा. दिवसा कोरा वाटणाऱ्या दोन चौकटींमधल्या पट्टीवर अशा वेळी अक्षरं उठून येतात. ती वाचता यावीत म्हणून खडू, पीठ किंवा भस्म घासू नका, बाजूचा प्रकाश पुरतो. फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश लिहून घ्या. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की या दगडाला काय म्हणतात, कोण नारळ फोडतं, कुठल्या दिवशी. ही माहिती दगडावर कोरलेली नाही, ती आत्ताच लिहून घ्यायला हवी.

नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, दुसरी राज्य पुरातत्त्व विभागाच्या तुमच्या विभागातल्या कार्यालयात, आणि दगड उभे करायचे असतील तर त्याच अर्जात परवानगी आणि मार्गदर्शन मागा. एखादा दगड आधीच रंगवला असेल तर थिनर लावून काढत बसू नका. कुठला रंग, कधी लावला एवढं नोंदीत लिहा, कारण तो काढणाऱ्या जाणकाराला पहिला प्रश्न हाच पडतो.